३.८ नॉर्मल नव्हतं: सोलापुरातलं एक प्रोस्टेट प्रकरण

सोलापुरात मे महिन्यात दवाखाना उघडला की पहिल्या दहा पेशंटांत दोन-तीन तरी ‘उन्हाळी लागलीय’ म्हणत आलेले असतात. पारा ४३-४४ वर, नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, आणि यंत्रमागाच्या शेडमध्ये पत्र्याखाली दिवसभर उभं राहायचं. लघवी पिवळीजर्द होते, जळजळते. सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी, फार तर माझ्याकडचं एखादं सिरप, की दोन-तीन दिवसांत माणूस कामावर. त्यामुळे मे २०२२ मध्ये अण्णा समोरच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, “उन्हाळी लागलीय ओ डॉक्टर,” तेव्हा मीही त्यांचाच शब्द उचलला आणि केसपेपरवर पुढे लिहायला लागलो.

अण्णा हे त्यांचं खरं नाव नाही. त्यांच्या परवानगीने लिहितोय. ओळख पटेल अशा दोन-तीन गोष्टी बदलल्या आहेत, आकडे मात्र जसेच्या तसे ठेवलेत, कारण या प्रकरणाचा सगळा जीव आकड्यांत आहे.

वय तेव्हा ६७. तरुणपणी लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये, ती बंद पडल्यावर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग जुळवून देणारा कारागीर. साखर नऊ वर्षांची, गोळ्यांवर. बिडी सोडून बरीच वर्षं झालेली. लघवी तपासली तर पस सेल्स, म्हणजे पुवाच्या पेशी होत्या, म्हणून सात दिवस अँटिबायोटिक दिलं. जळजळ गेली. रात्री दोन-तीनदा उठावं लागत होतं, ते काही गेलं नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ८.२ टक्के निघाली, म्हणजे वाढलेली. साखर वाढली की लघवी जास्त होणारच. मी साखरेची गोळी वाढवली आणि उन्हाळीच्या जागी साखर हे नवं कारण लिहून मोकळा झालो.

जुलैत ते परत आले. आता धार बारीक झाली होती, थांबून थांबून यायची. ते म्हणाले, “नळाला पाणी यायची वाट बघत उभारतो बघा, तसं उभारावं लागतंय.” मी हसलो, तेही हसले. सोनोग्राफीत प्रोस्टेट ४६ ग्रॅमचं आलं, आणि लघवी करून झाल्यावरही मूत्राशयात ७० मिली शिल्लक. सोबत पीएसए ही रक्ताची तपासणी केली होती. आकडा आला ५.२. लॅबच्या कागदावर शेजारी छापलं होतं: ० ते ४.

इथं जरा थांबून प्रोस्टेटची रचना सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीभोवती, अक्रोडाएवढी ही ग्रंथी असते. तरुणपणी साधारण वीस ग्रॅमची. वय वाढतं तशी ती नळीला लागून असलेल्या आतल्या भागात फुगते आणि नळी आवळते. ही साधी वाढ. साठीच्या आसपास जवळपास निम्म्या पुरुषांत ती असते आणि ती म्हणजे कॅन्सर नव्हे, त्यातून पुढे कॅन्सर होतो असंही नाही. कॅन्सर बहुतेक वेळा उगवतो तो बाहेरच्या, गुदाशयाकडच्या भागात. दहापैकी सात वेळा तिथंच. तो भाग नळीपासून लांब. म्हणून गाठ बरीच मोठी होईपर्यंत लघवीला काही म्हणजे काही होत नाही. म्हणजे लघवीची तक्रार घेऊन जो येतो त्याला बहुधा साधी वाढ असते, आणि ज्याला सुरुवातीचा कॅन्सर असतो तो तक्रार घेऊन येतच नाही. अण्णांना दोन्ही होतं. साध्या वाढीने त्यांना माझ्यापर्यंत आणलं, आणि मी त्या वाढीवरच थांबलो.

५.२ हा आकडा तसा घाबरण्यासारखा नव्हता. पीएसए हे प्रथिन प्रोस्टेटच तयार करतं. ग्रंथी मोठी असेल, लघवीत जंतुसंसर्ग झाला असेल, लघवी तुंबली असेल, नळी घातली असेल, तरी ते वाढतं. अण्णांना दीड-दोन महिन्यांपूर्वीच संसर्ग होऊन गेला होता, ग्रंथीही मोठी होती. रीत अशी की संसर्ग पूर्ण निवल्यावर सहा-आठ आठवड्यांनी तपासणी पुन्हा करायची आणि खरा पाया कुठला ते ठरवायचं. मी त्यांना ‘पुन्हा करू’ म्हटलंही. पण त्याच दिवशी धार मोकळी करणारी नेहमीची जोडगोळी लिहून दिली, टॅम्सुलोसिन आणि ड्युटास्टेराइड एकत्र असलेली. पहिल्या औषधाने नळीभोवतीचे स्नायू सैलावतात, त्याचा पीएसएशी संबंध नाही. दुसऱ्याने ग्रंथी हळूहळू आक्रसते, आणि सहा महिने ते वर्षभरात पीएसए साधारण निम्म्यावर येतं. निम्म्यावर येतं ते औषधामुळे. आत जे काही आहे ते बरं होतं म्हणून नव्हे.

हे मला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही असेन.

फेब्रुवारी २०२३ मध्ये तपासणी झाली. ३.४. कागदावर ठळक अक्षरांत काहीच नव्हतं. आकडा मर्यादेबाहेर गेला की लॅबवाले तो ठळक छापतात. अण्णा खूश, मी खूश. धारही सुधारली होती. ऑगस्टमध्ये दुसऱ्या लॅबमधून केली. ३.८. “चारच्या आत आहे, काळजी नको,” हे माझे शब्द. सुनेने ते मोबाइलवर नवऱ्याला कळवलेही.

आता हिशेब मांडून बघा. आधी ५.२ होतं, ते गोळीने निम्मं व्हायला हवं होतं, म्हणजे २.६ च्या आसपास. आलं ३.४. गोळी चालू असताना आलेला आकडा दुप्पट करून वाचायचा, म्हणजे फेब्रुवारीत ते ६.८ होतं आणि ऑगस्टमध्ये ७.६. दुप्पट करायला विसरलं तरी एक खूण डोळ्यांसमोर होतीच: या गोळीवर पीएसए खाली जाऊन खालीच राहायला हवं. तळाला गेलेला आकडा पुन्हा वर सरकायला लागला की तो चारच्या आत असला तरी त्याला नॉर्मल म्हणायचं नाही. लॅबला कुठली गोळी चालू आहे ते माहीत नसतं. ती ० ते ४ च छापणार. ते माहीत असलेला माणूस या सगळ्यात एकच होता, गोळी लिहून देणारा.

दुसरी गोष्ट जास्त लाजेची आहे. सव्वा वर्षात मी अण्णांची बोटाने तपासणी केली नव्हती. गुदद्वारातून हातमोजा घातलेलं बोट फिरवून प्रोस्टेट चाचपायचं, मिनिटभराचं काम, खर्च हातमोज्याचा. का केली नाही? दवाखाना दहा बाय बाराचा, मध्ये एक पडदा. पडद्यापलीकडे त्यांची सून बसलेली, तिच्यामागे रांग. अण्णा मला ‘साहेब’ म्हणणारे, वडिलांच्या वयाचे. त्यांना धोतर सोडायला सांगायचं धाडस झालं नाही, आणि सोनोग्राफी झालीय म्हटल्यावर गरजही वाटली नाही. पण पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत ग्रंथीचा आकार दिसतो, बाहेरच्या भागातली कडक गाठ बऱ्याचदा दिसत नाही. आमच्या पूर्व भागातल्या किती दवाखान्यांत ही तपासणी होते, असं मी नंतर चार मित्रांना विचारलं. तिघांनी विषय बदलला.

जानेवारी २०२४. गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत अण्णा दरवर्षी चालतात, त्या वर्षीही चालले. संक्रांतीनंतर कंबर आणि उजवा खुबा धरला. सगळ्यांनी एकच निदान केलं, ‘मिरवणुकीत जास्त चालणं झालं’. ते एका हाडांच्या दवाखान्यात गेले. एक्स-रे निघाला, मणक्यात गॅप आहे, नस दबलीय असं सांगितलं गेलं. पट्टा, शेक, वेदनाशामक गोळ्या. सत्तरीकडे झुकलेल्या जॉबरच्या मणक्याच्या एक्स-रेमध्ये झीज दिसणारच, ती दिसली नसती तर नवल. वेदनाशामक गोळीने थोडं बरं वाटायचं, की पुन्हा तेच.

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी अण्णा नाहीत, आक्का आल्या. त्यांच्या मंडळी. स्वतःचं बीपी दाखवायला म्हणून आल्या होत्या. जाता जाता दारात थांबून म्हणाल्या, “डॉक्टर, ह्यांचं एक कळंना झालंय. दिवसा कामाला जात्यात, जिने चढत्यात, तवा दुखत न्हाई. रात्री आडवं झाले की दोन-अडीचला उठून बसत्यात. भिंतीला टेकून सकाळ करत्यात.”

झिजलेल्या मणक्याचं दुखणं साधारण उलट वागतं. काम केलं की वाढतं, पाठ टेकली की उतरतं. विश्रांतीत वाढणारं, झोपेतून उठवणारं, आठवड्यामागून आठवडे चढत जाणारं हाडाचं दुखणं हा वेगळा प्रकार आहे, आणि साठीपुढच्या पुरुषात तो दिसला की प्रोस्टेटची आठवण झालीच पाहिजे. मला ती आक्का दारात असतानाच झाली. दुसऱ्या दिवशी सगळे कागद घेऊन अण्णांना पाठवा म्हणालो.

अण्णांसोबत सून कागदांची पिशवी घेऊन आली. टॉवेलच्या कारखान्याची कापडी पिशवी, आत सगळं तारखेने लावलेलं. मी तेवढं नीट कधी ठेवलं नव्हतं. तिने तीन रिपोर्ट टेबलावर एकाखाली एक ठेवले आणि मला तीन आकडे पहिल्यांदा एकत्र दिसले. तोपर्यंत प्रत्येक आकडा मी एकेकटाच बघितला होता, त्या दिवशीच्या कागदावर, त्या दिवशीच्या घाईत.

या वेळी सुनेला बाहेर बसवलं, दार लावलं. पहिले प्रश्न पायांचे: चालताना पाय लटपटतात का, मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बसायच्या जागेला बधिरपणा आहे का, लघवी किंवा संडासवरचा ताबा गेलाय का? मणक्यातल्या गाठीने मज्जारज्जू दाबला जात असेल तर यातलं काहीतरी होतं, आणि मग उद्याची वाट बघायची नसते. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या दवाखान्यात एमआरआयसाठी पाठवायचं असतं. उशीर झाला तर गेलेली पायांतली ताकद बऱ्याचदा परत येत नाही. अण्णांना यातलं काही नव्हतं. मग वजनाचं विचारलं. चार किलो उतरलं होतं, पण आम्ही साखरेसाठी भात कमी करायला सांगितला होता, त्याच्या खात्यात ते जमा झालेलं. लघवीतून रक्त? नाही. वीर्यातून? अण्णा गप्प झाले. मग जमिनीकडे बघत म्हणाले, “दोनदा लालसर दिसलं हुतं. मागच्या पावसाळ्यात. कुणाला सांगायचं ओ?”

वीर्यात रक्त दिसणं बहुतेक वेळा किरकोळ कारणाने असतं, विशेषतः तरुणांत. पण त्या वयात, त्या आकड्यांसोबत, ते विचारलं गेलं असतं तर गोष्ट आठ-नऊ महिने आधी वळली असती. अण्णांनी लपवलं असं मी म्हणणार नाही. सुनेसमोर, पडद्याआड, मी कधी विचारलंच नव्हतं.

मग तपासणी केली. तळहात सैल ठेवून अंगठ्याखालचा मांसल भाग दाबून बघा, निरोगी प्रोस्टेट तेवढं मऊ-लवचिक लागतं. मूठ आवळून बोटाच्या सांध्यावरचं हाड दाबा. अण्णांची उजवी बाजू तशी होती. मिनिटभरही लागला नाही.

पुढचं भराभर झालं. पीएसए १४.२, म्हणजे गोळीचा हिशेब धरला तर २८ च्या वर. रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज दुपटीहून जास्त. हाडांत काहीतरी चाललंय याची ती खूण. युरॉलॉजिस्टकडे एमआरआय, मग १२ ठिकाणचे तुकडे घेऊन बायोप्सी. ९ तुकड्यांत कॅन्सर, ग्लीसन स्कोअर ४ अधिक ४, म्हणजे ८. हा स्कोअर डोनाल्ड ग्लीसन या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टने १९६० च्या दशकात बसवला. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना किती विस्कटलीय त्यावर दोन अंक देऊन त्यांची बेरीज करतात. ६ म्हणजे सौम्य, ८ ते १० म्हणजे आक्रमक. मुलगा चाकणला कंपनीत असल्याने पेट स्कॅन पुण्यात केला. उजव्या खुब्याच्या हाडात एक आणि कमरेच्या तिसऱ्या मणक्यात एक अशा दोन जागा उजळल्या. जानेवारीतला तो एक्स-रे मी नंतर उजेडाला धरून बघितला. तो मणका शेजारच्यांपेक्षा पांढरट होता. बहुतेक कॅन्सर हाड पोखरतात आणि फिल्मवर काळं दिसतं. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात नवं, वेडंवाकडं हाड रचतो, म्हणून पांढरं दिसतं आणि झीज म्हणून सहज खपून जातं. माहीत असताना दिसतं. माहीत नसताना मलाही दिसलं नसतं, म्हणून त्या दवाखान्याला मी दोष देत नाही.

पुढच्या उपचारांसाठी बार्शीला जायचं ठरलं. आमच्या जिल्ह्यात ‘बार्शीला दाखवा’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. तिथलं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल गावोगावच्या लोकांना ठाऊक आहे, आणि देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ पासून त्याच बार्शीत चालते. त्यामुळे मी शब्द जपून वापरले तरी अण्णांना ‘बार्शी’ या एका शब्दात सगळं कळलं. त्यांनी विचारलं ते एवढंच, “गाडीनं जाऊ का एसटीनं?”

हाडात गेलेला प्रोस्टेट कॅन्सर मुळासकट निघत नाही, पण वर्षानुवर्षं दाबून ठेवता येतो. तो पुरुषी हार्मोनवर जगतो. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये हे दाखवून दिलं आणि १९६६ मध्ये त्यासाठी त्यांना नोबेल मिळालं. हार्मोन बंद करायच्या वाटा दोन: दर एक-तीन महिन्यांनी इंजेक्शन, नाहीतर एकदाच छोटं ऑपरेशन करून वृषणं काढणं. परिणाम दोन्हींचा सारखा. अण्णा पहिल्यांदा हसून म्हणाले, “आता काय पोरं व्हायचीत का?” दोन दिवसांनी आक्का सांगत आल्या की ते जेवत नाहीत. मी म्हटलं, घाई नाही, आठवडा घ्या. चौथ्या दिवशी त्यांनी ऑपरेशन निवडलं. कारण विचारलं तर म्हणाले, तारीख चुकायची भीती नको. खर्चाचा बराचसा भाग महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसला. सोबत उरलंसुरलं हार्मोन थांबवणारं अबिराटेरॉन आणि थोडं प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू झालं. प्रेडनिसोलोनने साखर चढते, अबिराटेरॉनने बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं, त्यामुळे ते दर महिन्याला माझ्याकडे येतात. जागा दोनच होत्या म्हणून प्रोस्टेटला किरणोपचारही दिले.

हार्मोन बंद झाल्यावर अंगातून वाफा यायला लागतात. बायकांना पाळी जाताना येतात तशाच. अण्णांना त्या सोलापूरच्या जूनमध्ये सुरू झाल्या. “अंगातनं वाफा निघत्यात,” असं त्यांनी कारखान्यात सांगितलं, तर सगळे म्हणाले, “आमच्या काय बर्फ निघतोय व्हय?” ऑपरेशनचा परिणाम आहे हे आक्कांना पटवायला मला पाऊस पडेपर्यंत थांबावं लागलं.

डिसेंबर २०२४ मध्ये पीएसए ०.३ आलं. खुबा दुखायचा थांबला. रात्री एकदाच उठतात. जानेवारीत मिरवणुकीला गेले, चालले नाहीत, पार्क चौकात खुर्ची टाकून बसले. किती वर्षं मिळतील हे त्यांनी विचारलं नाही. मुलाने विचारलं, त्याला मी डॉक्टर लोक जितकं सांगू शकतात तितकं सांगितलं.

मुलगा ४१ चा. वडिलांना किंवा भावाला हा आजार असेल तर स्वतःची जोखीम साधारण दुप्पट होते, म्हणून त्याला पंचेचाळिशीपासून पीएसए करत जा म्हटलं. सरसकट प्रत्येक पुरुषाने ही तपासणी करावी या मताचा मी नाही. म्हातारपणी सापडणारे कितीतरी प्रोस्टेट कॅन्सर इतके संथ असतात की ते न सापडलेलेच बरे. सापडले की बायोप्सी, ऑपरेशन, लघवी गळणं, हे सगळं मागे लागतं. साधारण ५५ ते ६९ या वयात डॉक्टरशी बोलून ज्याने-त्याने ठरवावं, सत्तरीनंतर तक्रार नसेल तर मागे लागू नये. घरात आजार असेल तर मात्र लवकर.

अण्णांचे धाकटे भाऊ अक्कलकोटला असतात, ६१ चे. त्यांनाही तपासून घ्या असं मी तेव्हाच सांगितलं होतं. ते आले जून २०२५ मध्ये. सोबत रिपोर्ट घेऊनच आले, अक्कलकोटला करून घेतलेला. पीएसए २.३. “नॉर्मल हाय म्हणाले,” ते म्हणाले, आणि उठायला लागले. मी विचारलं, गोळ्या कुठल्या चालू आहेत? साखरेची नाही, बीपीची एक. आणखी? “ती लघवीची. दादाच्या ऑपरेशननंतर त्याच्या गोळ्या उरल्या हुत्या, मलाबी रात्री उठावं लागायचं, म्हणून दिवाळीपासून घेतोय. संपल्या की रिकामी पट्टी दाखवून मेडिकलमधून आणतो. लय फरक हाय बघा.”

खिशातून त्यांनी पट्टी काढली. टॅम्सुलोसिन आणि ड्युटास्टेराइड. मी त्यांच्या रिपोर्टवर २.३ च्या शेजारी पेनाने ४.६ लिहिलं, त्यांच्या पुतण्याला बाहेर बसायला सांगितलं आणि हातमोज्यांचा डबा पुढे ओढला.